लाटण्यावरचं लायसन्स

अंधेरीच्या त्या भागात पन्नाशी उलटलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तुमचं लायसन्स कुणी काढून दिलं? दहातले सात जण सांगतील, नंदू आरटीओनं. नंदू आरटीओ म्हणजे नंदकुमार घाडीगावकर. आरटीओत तो एक दिवसही नोकरीला नव्हता. ऑफिसच्या भिंतीबाहेर बदामाच्या झाडाखाली एक फोल्डिंगचं टेबल, कार्बन पेपर, डिंकाची बाटली आणि वर एक काळी छत्री, एवढ्या सरंजामावर त्यानं पस्तीस वर्षं काढली. वाहन कायद्याची कलमं त्याला रामरक्षेसारखी पाठ होती. कुणाचं लायसन्स कधी संपतंय हे त्या माणसाच्या बायकोआधी नंदूला माहीत असायचं.

एकच गोष्ट कुणाला माहीत नव्हती. नंदूला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. मोटार नाही, स्कूटर नाही, साधी लुनासुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? तर असंच होतं. गिरणी बंद पडल्यावर चोवीस वर्षांचा नंदू एका मित्राच्या ओळखीनं त्या बदामाखाली येऊन बसला. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकानं विचारलं, “टेस्टला काय काय करायचं असतं हो?” नंदूनं आदल्या दिवशी नाक्यावर उभं राहून बारा टेस्टा बघितल्या होत्या. त्यानं धडाधड सांगितलं. तो माणूस पास झाला, पेढे घेऊन आला, आणि म्हणाला, “तुमच्यासारखा ड्रायव्हर बघितला नाही!” नंदूनं पेढा तोंडात टाकला. तोंडात पेढा असताना माणूस नाही कसं म्हणणार? तिथून जे सुरू झालं ते झालंच. पुढे तर शिकायचीही सोय राहिली नाही, कारण शिकायचं म्हणजे आधी कुणाला तरी सांगायला हवं की मला येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत नंदूनं मूठ अशी आवळली की पुढे ती त्यालाच उघडेना.

त्या काळी टेस्ट खऱ्या रस्त्यावर होत असे. ऑफिसमागच्या बावडी गल्लीतून साहेब माणसाला एक चक्कर मारायला लावत. ती चक्कर नंदूनं श्लोकासारखी बसवली होती. “चक्कीपाशी डावा हात दाखवायचा. बावडीपाशी ब्रेक. दूधकेंद्राशी थांबायचं, मनात पाच मोजायचे. दगडी क्रॉसपाशी वळायचं. आणि साहेबाकडे बघून हसायचं नाही.” पण हे नुसतं तोंडानं सांगून माणसाच्या डोक्यात शिरत नाही, आणि चालवून दाखवायची तर पंचाईत. म्हणून नंदूनं युक्ती काढली. मोटारवाल्याच्या हातात द्यायची जेवणाची थाळी, ते स्टिअरिंग. स्कूटरवाल्याच्या हातात द्यायचं लाटणं, दोन्ही टोकांना धरायचं, ते हँडल. आणि माणसाला गल्लीतून पायी चालवायचं. “आधी रस्ता पायांना कळला पाहिजे,” नंदू गंभीरपणे सांगायचा, “मग चाकांना कळतो.”

सकाळी सात वाजता बावडी गल्लीत हे दृश्य असे: पुढे बँकेचा मॅनेजर लाटणं धरून, मागे शाळामास्तर थाळी फिरवत, त्यामागे वेसाव्याचा एक धिप्पाड कोळी तोंडानं ‘घुर्र’ करत. नंदू कडेला उभा राहून ओरडायचा, “अहो मॅनेजर, हात! चक्की गेली!” पाण्याला आलेल्या बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. पण हसणाऱ्यांचेच नवरे पुढच्या आठवड्यात थाळी घेऊन हजर व्हायचे, कारण नंदूचा माणूस सहसा नापास होत नसे.

आता खोटेपणा गिऱ्हाइकांपुरता असता तर भागलं असतं. पण नंदूनं तो सासुरवाडीपर्यंत नेला होता. रुक्मिणीचं घर घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर. लग्न ठरल्यावर होणाऱ्या जावयानं बसमधून उतरून घाम पुसत यावं, हे त्याला पटेना. त्यानं ओळखीच्या गॅरेजवाल्याची स्कूटर मागून आणली. गॅरेजवाल्याचा पोरगा ती सकाळीच भटवाडीच्या नाक्यावर आणून लावून ठेवायचा. तिथून नंदू ती बंद स्कूटर ढकलत, हाफत, चढ चढून वर न्यायचा, शेवटच्या वळणावर शर्ट नीट करायचा आणि दारात स्टँडवर लावून म्हणायचा, “पेट्रोल संपलं बघा नेमकं.” परत जाताना काम सोपं होतं. उताराला तोंड करून वर बसायचं आणि ब्रेक सोडायचा. खिडकीतून बघणाऱ्या रुक्मिणीला होणारा नवरा ऐटीत स्कूटरवरून जाताना दिसायचा. असं सहा रविवार झालं. सहाही रविवारी पेट्रोल संपलं. सासरे म्हणाले, “मुलगा चांगला आहे, फक्त हिशोबी दिसत नाही.”

लग्नात नंदूनं नाव घेताना सगळ्यांसमोर वर शब्दही देऊन टाकला, की स्कूटरवर मागे बसवून रुक्मिणीला माहेरी आणीन. टाळ्या पडल्या. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. दरम्यान स्कूटर न घ्यायला नंदूकडे कारणांची कमतरता कधी पडली नाही. आधी जागा लहान, मग पोरगा लहान, मग मणक्यात गॅप. “दिवसभर गाड्याच बघतो गं, घरी तरी नको,” असं तो म्हणायचा, आणि रुक्मिणी म्हणायची, “बरं.” या ‘बरं’मध्ये काही असू शकतं, असं नंदूला कधी वाटलं नाही.

पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. टेबल मिटलं, छत्री घरी आली, टेस्टही गल्लीतून उठून कुंपणातल्या ट्रॅकवर गेली. नंदूनं सुटकेचा निःश्वास टाकला. आता पितळ उघडं पडायची भीती नाही.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर रुक्मिणीनं तीस वर्षं चालवलेलं पोळीभाजी केंद्र सुनेच्या हाती दिलं आणि स्वतःसाठी एक गोष्ट केली. संध्याकाळी नंदू दूध घेऊन आला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक नवी कोरी, मोरपिशी रंगाची इलेक्ट्रिक स्कूटर उभी. बाजूला रुक्मिणी, हातात नारळ.

“ही कुणाची?” नंदूनं विचारलं.

“माझी. मढला जाऊन स्वतः बोंबील आणणार मी. मासळीची पिशवी बघितली की रिक्षावाले मान हलवतात मेले. वेसाव्याहून स्कूटर जाते बोटीतून पलीकडे.”

“अगं, वय काय तुझं! बासष्ट!”

“म्हणून तर बिनगिअरची घेतली,” रुक्मिणी म्हणाली. “आणि घरात एवढा मोठा मास्तर असताना बाहेर कशाला जाऊ? तुम्ही शिकवा. लायसन्स आलं की पहिल्या दिवशी मात्र तुम्ही चालवायची. मी मागे बसून भटवाडीला जाणार. एक्केचाळीस वर्षं राहिलंय ते.”

नंदूच्या हातातली दुधाची पिशवी थंड होती, तरी त्याला घाम फुटला. म्हणजे रुक्मिणीला लायसन्स मिळण्याचा दिवस तो त्याची अब्रू जाण्याचा दिवस. तेव्हा तिला लायसन्स मिळता कामा नये, एवढं सोपं होतं. आणि लायसन्स कसं मिळतं हे ज्याला माहीत, त्याला ते कसं लांबतं हेही माहीत असतं.

त्यानं पहिला दगड टाकला. “चाळिशीवरच्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डॉक्टर भेटायला आठ-पंधरा दिवस लागतील.” सून श्रुतिका मोबाइलवर काहीतरी दाबत म्हणाली, “डॉक्टर खालीच बसतात ना बाबा, आत्ता जाऊन येतो आम्ही.” अर्ध्या तासात दोघी परत. दुसरा दगड: “फोटो निळ्या बॅकग्राउंडवर चालत नाही, पुन्हा काढावा लागेल.” श्रुतिकानं मोबाइलमध्येच बॅकग्राउंड पांढरं केलं. पस्तीस वर्षं ज्या फॉर्मांवर नंदूचं घर चाललं, तो फॉर्म पोरीनं कांदे चिरता चिरता भरून टाकला. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत तरी रुक्मिणी अडेल अशी त्याला आशा होती. पंधरातली चौदा बरोबर आली. एक चुकलं, कारण ते उत्तर नंदूनं मुद्दाम चुकीचं पाठ करून घेतलं होतं.

राहिलं प्रत्यक्ष शिकवणं. तिथे मात्र नंदूला आपलं जुनं हत्यार आठवलं. त्यानं स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि रुक्मिणीच्या हातात दिलं. “माझ्याकडे स्कूटरवर बसायच्या आधी महिनाभर पायी. मॅनेजर असो नाहीतर मास्तर. बायको म्हणून सूट नाही.”

“बरं,” रुक्मिणी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला दोघं बावडी गल्लीत. आता गल्लीत बावडी नव्हती, ती बुजवून तिच्यावर जिम उभी राहिली होती. चक्कीच्या जागी मोबाइलचं दुकान, दूधकेंद्राच्या जागी मोमोजवाला. क्रॉस तेवढा होता, पण पुनर्विकासाच्या पत्र्यांमागे अर्धा दडलेला. नंदूला त्यातलं काही दिसत नव्हतं. तो ओरडायचा, “चक्की आली, हात!” आणि रुक्मिणी लाटणं एका हातात तोलून मोबाइलच्या दुकानासमोर दुसरा हात लांब करायची. आत सेल्समन पोरगा घाबरून हात जोडायचा.

खरं सांगायचं तर नंदूला त्या चकरा आवडू लागल्या. इथे मॅनेजर घसरला होता. इथे मास्तरांनी थाळी टाकून पळ काढला होता, कारण समोरून हेडमास्तर आले होते. इथे वेसाव्याचा तो कोळी पास झाला तेव्हा त्यानं नंदूला खांद्यावर घेऊन अख्ख्या गल्लीत मिरवलं होतं. रुक्मिणी लाटणं धरून ऐकायची आणि खो खो हसायची. इतकी वर्षं एका घरात राहून आपण बायकोबरोबर सकाळचे कधी चाललोच नाही, हे नंदूला चालता चालता कळलं आणि वाईट वाटलं. गल्लीतली एखादी म्हातारी गॅलरीतून हाक मारायची, “काय रे नंदू, आता बायकोची टेस्ट?” नंदू हात हलवायचा. शिकवणं झकास चाललं होतं. आपली विद्यार्थिनी अजून स्कूटरला शिवलीही नाही, या विचारानं त्याला दुपारी गाढ झोप लागायची.

महिना भरला. टेस्टचा दिवस आला, तरी नंदू निश्चिंत होता. लाटण्यावर शिकलेली बाई ट्रॅकवर आठचा आकडा काय काढणार! पण चोराच्या मनात चांदणं. पहाटे साडेपाचला त्याला जाग आली, आणि न जाणो, म्हणून तो आगपेटीतली काडी घेऊन पार्किंगमध्ये गेला. चाकाशी बसून त्यानं व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसली. फुस्स. चाक बसत चाललं आणि नंदूची नजर वर गेली. हँडलला झेंडूची माळ होती. पुढे लिंबू-मिरची. आणि मागच्या सीटवर रुक्मिणीनं एक जुना टॉवेल चौघडी घालून दोरीनं घट्ट बांधला होता. मणक्यात गॅप असलेल्या माणसाला बसायला मऊ लागतं, म्हणून. तो मागच्याच सीटवर का, हे काही नंदूच्या ध्यानात आलं नाही.

नंदूला स्वतःची अशी लाज वाटली की त्याच्या हातातली काडी गळून पडली. मग त्यानं शेजाऱ्याचा सायकलचा पंप शोधून आणला आणि त्या मणक्याचा विचार न करता वीस मिनिटं हवा भरली. वर आला तेव्हा तो हाफत होता. रुक्मिणीनं चहा पुढे केला. “सकाळी सकाळी घाम?” तिनं विचारलं.

“योगा,” नंदू म्हणाला.

ट्रॅकवर श्रुतिका स्कूटर घेऊन आली. इन्स्पेक्टर तिशीतली एक बाई होती, छातीवर नावाची पट्टी, गंधाली. तिनं नाव पुकारलं. नंदू कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. त्याच्या लाटणेवाल्या विद्यार्थिनीनं हेल्मेट घातलं, सीटवर बसली, आणि आवाजही न होता स्कूटर निघाली. पहिलं वळण. दुसरं. पाय खाली टेकला नाही. आठचा आकडा रुक्मिणीनं रांगोळीचा काढावा तसा काढला. वर प्रत्येक वळणाआधी ती हात लांब करून दाखवत होती. बाजूला उभी असलेली पोरं बघतच राहिली, कारण हातानं सिग्नल देणारा माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. शेवटच्या रेषेवर ती थांबली, मनात पाच मोजले, आणि इन्स्पेक्टरकडे बघून हसली नाही.

“आजी, हे हात दाखवणं कुणी शिकवलं?” गंधालीनं विचारलं.

“ते बघा, जाळीपाशी उभे आहेत ते. लाटण्यावर शिकवलं.”

गंधाली जाळीजवळ आली. “तुम्ही नंदू आरटीओ? माझ्या बाबांकडे तुमची थाळी आहे अजून. वाकलेली आहे, आई टाकायला देत नाही.” मग ती परत वळली आणि टॅबवर बोट ठेवत म्हणाली, “पास.”

एरवी हे ऐकून नंदू महिनाभर फुगून फिरला असता. आज त्यानं जाळीतून बोटं सोडवली. त्यानं श्रुतिकाकडे बघितलं. ती भलतीकडेच बघत होती.

“तू शिकवलंस ना हिला?” नंदूनं हळूच विचारलं.

“दुपारी, बाबा. तुम्ही झोपल्यावर. पण गल्लीतलं लाटणं चुकवायचं नाही, असं आईंनीच सांगितलं होतं. म्हणाल्या, त्यांच्याबरोबर चालायला मिळतं.” एवढं बोलून श्रुतिकानं रिक्षाला हात केला आणि ती सटकली.

गेटबाहेर आल्यावर रुक्मिणीनं स्कूटर बदामाच्या झाडाखाली उभी केली. जिथे पस्तीस वर्षं टेबल होतं, बरोबर तिथेच. ती खाली उतरली, हेल्मेट काढलं, आणि किल्ली नंदूसमोर धरली. “चला. भटवाडी.”

नंदूनं मणक्याला हात लावला. मग खिसे चाचपले. मग आभाळाकडे बघितलं. “चार्जिंग संपलेलं दिसतंय,” तो म्हणाला.

“ब्याण्णव टक्के आहे.”

नंदूची पस्तीस वर्षांची कलमं, पोटकलमं, सबबी, सगळं एकदम संपलं होतं. आणि मुंबईत साठ वर्षं काढल्यावरही माणूस अगदी खोलात सापडला की जी गावची मालवणी तोंडात येते, तीच त्याच्या तोंडात आली.

“रुक्मिणी, माका चालवूक येना नाय.”

“ठाऊक आसा माका,” रुक्मिणी म्हणाली.

“कधीपासना?”

“पयल्या रविवारपासना.” मग ती नेहमीच्या भाषेत आली. “तुम्ही आत पाणी प्यायला गेलात. मी बाहेर येऊन सायलेन्सरला हात लावला. थंडगार. पेट्रोल संपलेली स्कूटर तरी नाक्यापर्यंत तापून आलेली असते ना? आणि जाताना बघितलं तर साहेब उतारावरून चाललेत आणि आवाज नाही. ही बॅटरीची स्कूटर घ्यायला गेले, तिनं आवाज केला नाही तेव्हा मला भटवाडीच आठवली. म्हटलं, आमच्याकडे अशी चाळीस वर्षांपूर्वीच होती.”

नंदूचे कान लाल झाले. “मग लग्नाला हो का म्हणालीस? सहा रविवार खोटं बोललेल्या माणसाला?”

“स्कूटर चालवत कुणीही आला असता,” रुक्मिणी म्हणाली. “तो चढ बघितलाय ना तुम्ही? माझ्यासाठी ढकलत कोण आला असता?”

नंदूच्या डोळ्यात पाणी आलं, ते त्यानं बाहीनं पुसलं आणि दोष बदामाच्या पानांवर ढकलला. “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. म्हटलं, बघू तरी किती कारणं आहेत.” तिनं पर्सची चेन उघडली आणि आतून एक घडी केलेला कागद काढला. शिकाऊ लायसन्सचा अर्ज, नाव नंदकुमार घाडीगावकर, परीक्षा पुढच्या मंगळवारी. श्रुतिकानं फोटोचं बॅकग्राउंडही पांढरं करून ठेवलं होतं. कागदामागून रुक्मिणीनं दुसरी वस्तू काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

लाटणं.

“आज मी चालवते, तुम्ही मागे बसा, टॉवेल बांधलाय. उद्यापासून सकाळी सातला बावडी गल्ली. नवरा म्हणून सूट नाही.”

दुसऱ्या दिवशी मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं शटर वर केलं तर समोरून सहासष्ट वर्षांचा एक माणूस लाटणं दोन्ही टोकांना धरून चालत येत होता, आणि त्याच्यामागून मोरपिशी स्कूटरवर एक बाई पायाच्या वेगानं येत होती.

“अहो, हात! चक्की गेली!” बाई ओरडली. “आणि घरी गेल्यावर ते लाटणं धुऊन ठेवा. चपात्या व्हायच्यात अजून.”